कंसातला व्हिंपर

"हा शब्द काय आहे?" नगाऱ्याने कागदावर बोट ठेवून विचारले.

काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शक बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. संवादाच्या पानावर, वडिलांच्या वाक्यांखाली, कंसात एकच शब्द बसला होता. व्हिंपर. भाषांतरकाराने बाकी सगळे पान इमानेइतबारे आपल्या भाषेत आणले होते. या शब्दाशी पोचल्यावर त्याला बहुधा चहाची वेळ झाली असावी. त्याने शब्दाची नुसती लिपी बदलली आणि तो पुढे सटकला.

"रडतो," बाई म्हणाल्या.

"ते कळलं. पण कसा?"

"कसा म्हणजे? हळू रडतो."

"हळू म्हणजे मुसमुसतो, की स्फुंदतो, की हुंदका गिळतो, की मुळूमुळू?"

बाईंनी रेकॉर्डिस्टकडे पाहिले. "माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "मी बटणं दाबतो. कोणी रडलं तरी काटा हलतो, कोणी हसलं तरी हलतो."

भाषांतरकाराला फोन लावला. तो बंद होता. पान पोचते केले की फोन बंद करायचा, ही त्या गृहस्थाची जुनी पद्धत होती आणि आजवर ती त्याला चांगली मानवली होती.

नगाऱ्याला आईवडिलांनी एक चांगले नाव ठेवले होते, पण डबिंगच्या धंद्यात ते कुणाच्या लक्षात नव्हते. आवाजच असा, की तो शेजारच्या खोलीत "जरा पाणी द्या" म्हणाला तरी लोक दचकून उभे राहत. साहजिकच त्याच्या वाट्याला दरोडेखोर आले, जल्लाद आले, खडूस जेलर आले. आणि गेली काही वर्षे तो टॉयलेट क्लीनरच्या जाहिरातीतला जंतू होता. संडासाच्या भांड्याच्या कडेखाली दडून बसलेला हिरवा, केसाळ जंतू आपले पिवळे दात दाखवत गर्जना करतो, "हा हा हा! या कोपऱ्याचा मीच राजा!" ती गर्जना नगाऱ्याची. ही जाहिरात नेमकी लोकांच्या जेवणाच्या वेळी लागायची. त्यामुळे नगाऱ्याला घराघरात ओळखत आणि घराघरात शिव्या देत.

आज मात्र नशीब पालटायच्या बेतात होते. एका परदेशी मालिकेचे डबिंग बाईंकडे आले होते. त्यात एक प्रेमळ, थकलेला, कमी बोलणारा बाप होता. अशी कामे एरवी लोण्याकडे जायची. लोणी हे या धंद्यातले दुसरे टोपणनाव, आणि आवाजही तसाच, ऐकता ऐकता वितळणारा. पण लोण्याचा घसा बसला होता. बाईंनी नाइलाजाने नगाऱ्याला बोलावले आणि आश्चर्य म्हणजे त्याने वाक्ये चांगली म्हटली. आवाज दाबून दाबून त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण वाक्ये चांगली म्हटली.

"उद्या कंपनीची माणसं नमुना ऐकायला येतायत," बाई म्हणाल्या. "एवढा एक कंस जमला तर वडील तुमचे. नाही जमला तर लोणी कोमट पाण्याच्या गुळण्या करतोच आहे."

"मूळ नटाने कसं केलंय ते ऐकवा ना."

"आवाज उद्या येणार त्यांच्याबरोबर. आज नुसतं चित्र आहे."

ते चित्रही धड नव्हते. चोरी होऊ नये म्हणून कंपनीने मुद्दाम काळवंडलेली, पुसट प्रत धाडली होती. मुलगा घर सोडून लांब निघून गेला आहे. खिडकीशी आरामखुर्ची, खुर्चीत पाठमोरा बाप, पायाशी सतरंजीची एक गुंडाळी. बाप हलत नाही, वळत नाही. त्याचा खांदासुद्धा थरथरत नाही. त्या मुक्या पाठीकडे बघून शब्दाचा अर्थ लावायचा होता.

नगारा घरी निघाला तो तोच शब्द चघळत. त्याला हा बाप हवा होता आणि कशासाठी हवा होता हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याची मुलगी तिसरीत होती. वर्गात तिला 'जंतूची मुलगी' म्हणत. मधल्या सुट्टीत मुले तिच्याभोवती गोळा होऊन "हा हा हा" करत. तिने कधी रडून सांगितले नाही. एकदा गणिते सोडवता सोडवता, वही­तून मान वर न करता एवढेच म्हणाली, "बाबा, तू एकदा तरी चांगला माणूस हो ना." तेव्हापासून ते वाक्य नगाऱ्याला बुटातल्या खड्यासारखे टोचत होते. चालता येत होते, पण विसरता येत नव्हते.

इमारतीच्या तळमजल्यावर मास्तर राहत. त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवले होते आणि आता शिकवायला कोणी उरले नव्हते. नगाऱ्याने दारातूनच विचारले, "सर, व्हिंपर म्हणजे काय हो?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "बस. बस आधी. शब्द असा उभ्या उभ्या विचारायचा नसतो."

"घाईत आहे सर."

"व्हिंपर," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "नाम आणि क्रियापद, दोन्ही. आता नीट ऐक. सॉब म्हणजे हुंदका. वेल म्हणजे गळा काढणं. स्निव्हल म्हणजे नाक ओढत रडणं, ते आमचे हेडमास्तर बदलीच्या वेळी करायचे. व्हिंपर या सगळ्यांच्या आधी येतो. रडू बाहेर पडायला निघालंय आणि आपण दार लावून धरलंय. दाराच्या फटीतून जेवढं बाहेर येतं तेवढा व्हिंपर."

"आपल्याकडे काय म्हणायचं त्याला?"

"कोण रडतंय त्यावर आहे. तान्हं मूल असेल तर कुरकुर. आजारी असेल तर कण्हणं. बाई असेल तर मुसमुसणं."

"आणि पुरुष असेल तर?"

मास्तर अडले. त्यांनी डोळे उघडले, शब्दकोशाची पाने पुढे-मागे केली. "पुरुष असेल तर," ते शेवटी म्हणाले, "खोकणं."

नगारा उठला. "अरे थांब, वाक्यात उपयोग तर ऐकून जा!" मास्तर ओरडले. "उपयोग कळल्याशिवाय अर्थ कळत नाही!" पण तोवर नगारा दोन दोन पायऱ्या चढत वर पोचला होता. वाक्यात उपयोग ऐकला असता तर पुढचे बरेचसे टळले असते.

घरात कोणी नव्हते. बायको औषधाच्या दुकानात कामाला, मुलगी शाळेत. आवाज कोंडून राहील अशी घरात एकच जागा होती, ती म्हणजे बाथरूम. नगारा आत शिरला, कडी घातली, कमोडचे झाकण लावून त्यावर बसला आणि हळूच रडला. बादलीतला मग थरथरला.

त्याने आणखी हळू करून पाहिले. कुरकुर केली, ती गुरगुर झाली. कण्हून पाहिले, ते एखादा ट्रक चढावर अडकावा तसे निघाले. मुसमुसण्याचा प्रयत्न केला तेव्हा आरशावर वाफ धरली. त्याला वाटत होते, आवाज चार भिंतींत राहतोय. पण बाथरूमच्या खिडकीबाहेर पाण्याचे पाइप वरपर्यंत गेले होते आणि वरच्या मजल्यावर काकू भांडी घासत होत्या.

काकूंनी नळ बंद केला. कान दिला. त्यांच्या यजमानांना मागे मूतखडा झाला होता, त्यामुळे पुरुषाच्या कण्हण्याबद्दल त्यांचे मत तज्ज्ञाचे होते. त्यांनी ताबडतोब नगाऱ्याच्या बायकोला दुकानात फोन लावला.

"अगं, तुझ्या नवऱ्याला खडा झालाय."

"कसला खडा?"

"मूतखडा गं. आवाजावरून सांगते. मोठा आहे."

बायकोने हातातले गिऱ्हाईक तसेच ठेवून नवऱ्याला फोन केला. नगारा नेमका एका बऱ्यापैकी जमत आलेल्या कण्हण्याच्या मध्यावर होता. त्याने सूर न मोडता फोन घेतला.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही गं. व्हिंपर करतोय."

"काय?"

"व्हिंपर. सकाळपासून तोच चाललाय."

"ताप आहे का?"

"ताप कशाला असेल? नुसता व्हिंपर आहे. पण अजून नीट बाहेर पडत नाहीये. उद्यापर्यंत..." इतक्यात फोन त्याच्या घामेजल्या हातातून निसटला आणि भरल्या बादलीत गेला. पलीकडे बायकोला फक्त बुडबुडे ऐकू आले.

"व्हिंपरवर काय देतात हो?" तिने पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने दुकानाच्या मालकाला विचारले.

मालकाने औषधांच्या फळ्यांवरून नजर फिरवली. त्याने आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला नाही म्हटले नव्हते. "संपलंय," तो म्हणाला. "परवा येईल."

इकडे नगाऱ्याने फोन बादलीतून काढला, झटकला, कानाला लावला. त्यातून पाणी आले. बायको घाबरली असेल, मास्तरांकडून फोन करावा, म्हणून त्याने घाईने कडी ओढली. ती कडी कित्येक महिने अडकत होती. "एकदा सुतार बोलवा" असे बायको दर रविवारी म्हणायची आणि "बघू" असे नगारा दर रविवारी म्हणायचा. कडीने आज आपला निर्णय घेतला. मूठ नगाऱ्याच्या हातात आली आणि कडी होती तिथेच राहिली.

त्याने हाका मारल्या. काकूंनी वरून ऐकून निदान पक्के केले, "कळ आली." बायकोने दरम्यान आपल्या आईला फोन करून पिटाळले होते. सासूबाई जवळच राहायच्या आणि त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली असायची. काकूही आपल्या घराचे दार बंद करून खाली धावल्या. दोघी आत शिरल्या तेव्हा हाका मारून दमलेला नगारा, आता करण्यासारखे दुसरे काही नाही म्हणून, परत सरावाला बसला होता.

"जावईबापू!" सासूबाईंनी दारावर थाप मारली. "काय झालं ते सांगा मला."

"आई, कडी अडकलीय!"

"कडीचं राहू द्या. मनातलं सांगा."

"मनात काही नाही हो!"

सासूबाई काकूंकडे वळल्या. "बघितलंत? काही नाही म्हणतात. म्हणजे मोठंच काहीतरी आहे." मग पुन्हा दाराकडे, मऊ आवाजात, "नोकरी गेली का?"

"मला नोकरी कधी होती?"

"अगंबाई, तेच मनाला लागलंय."

गलका ऐकून मास्तर शब्दकोशासकट वर आले. बायको धापा टाकत दुकानातून पोचली, पिशवीत हाताला लागतील तेवढी औषधे घेऊन. शेवटी काकूंनीच शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या सुताराला आणले. सुताराने पिशवी खाली ठेवली, पटाशी काढली, दाराची फट तपासली आणि विचारले, "आत कोण आहे?"

"मी आहे! लवकर उघडा!"

सुताराचा हात थांबला. "हा आवाज... हा तो संडासातला जंतू ना?"

"आमचे जावई," सासूबाई म्हणाल्या. इतक्या गोंधळातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

"आईशप्पथ! माझी पोरं वेडी आहेत तुमच्यासाठी. साहेब, एकदा म्हणा ना ते."

"आधी दार उघडा."

"आधी म्हणा. मोबाईलमध्ये घेतो. बाहेर आल्यावर असा घुमणार नाही तो."

तांत्रिकदृष्ट्या सुताराचे म्हणणे बरोबर होते, आणि पटाशी त्याच्या हातात होती. नगाऱ्याने एक सुस्कारा सोडला, छाती भरून घेतली आणि दिवसभर दाबून धरलेला सगळा आवाज एकदम मोकळा केला, "हा हा हा! या कोपऱ्याचा मीच राजा!"

पटाशीचा एक घाव बसला, दार उघडले आणि सुताराने टाळ्या वाजवल्या. नगारा एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात ओला फोन घेऊन संडासाच्या दारात उभा होता. समोर बायको, सासूबाई, काकू, मास्तर. आणि त्यांच्या मागे, दप्तर पाठीवर, दोन मैत्रिणींना प्रथमच घरी घेऊन आलेली त्याची मुलगी.

मैत्रिणी खूष झाल्या. त्यांनी "काका, परत एकदा" असा आग्रहही केला.  मैत्रिणी गेल्यावर मुलगी बाल्कनीत जाऊन उभी राहिली. नगारा तिच्या मागे गेला, पण नीट उभे राहणे त्याला जमेना. तो कठड्याशी गेला, कुंडीतले एक पान तोडले, परत आला.

"उद्यापासून मी चांगला माणूस होणार आहे," तो म्हणाला. "एक बाबा. एकदम चांगला."

"मग आत काय करत होतास?"

"रडायला शिकत होतो."

"शिकावं लागतं?"

"मला लागतं."

"दाखव."

नगाऱ्याने दिवसभरातले सगळ्यात हळू रडणे काढून दाखवले. मुलीने प्रामाणिकपणे ऐकून घेतले. "बाबा," ती म्हणाली, "जंतू रडतोय असं वाटतं. मला थोडी भीती वाटली."

नगाऱ्याने हात टेकले. लोण्याला फोन करून अभिनंदन करावे, तेवढा मोठेपणा तरी दाखवावा, असे त्याच्या मनात आले. फोन ओला असल्याने तेही जमण्यासारखे नव्हते. आणि तेवढ्यात वरून एक आवाज आला. बारीक, थांबत थांबत येणारा, मध्येच धीर धरून गप्प होणारा आणि धीर सुटला की परत सुरू होणारा. काकू अजून खाली सासूबाईंशी मूतखड्यावर बोलत बसल्या होत्या आणि त्यांचा कुत्रा वर बंद दाराआड एकटा होता.

मास्तर बाहेरच्या खोलीतून जवळजवळ धावतच आले. "ऐक! ऐक! हाच तो. द डॉग व्हिंपर्ड ॲट द डोअर. वाक्यात उपयोग! सकाळी हेच सांगत होतो तर पळालास!"

नगारा जिना चढून गेला. काकूंच्या दाराबाहेर पायरीवर बसला आणि फटीला कान लावला. त्याला एक गोष्ट पहिल्यांदाच कळली. कुत्रा आवाज हळू करत नव्हता. त्याला कुणाला ऐकवायचेच नव्हते, तो नुसता वाट बघत होता. जे थोडे आवरत नव्हते तेवढे बाहेर येत होते. नगाऱ्याने डोळे मिटले आणि अगदी तसेच करून पाहिले. आत शांतता पसरली. मग दाराच्या फटीशी एक नाक आले, हुंगले आणि उत्तर दिले. दोघांचे बराच वेळ चालले होते. शेवटी कंटाळून मुलगी वर आली, खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कंपनीची दोन माणसे आली होती. एक मोठ्या साहेबीण बाई आणि त्यांचा लॅपटॉप सांभाळणारा एक गृहस्थ. नगाऱ्याने वडिलांची वाक्ये म्हटली. साहेबीण बाईंनी मान तिरकी केली. "आवाज मोठा भारदस्त आहे," त्या म्हणाल्या, "पण हा बाप मुलाला जवळ बोलावतो तेव्हा वाटतं, खाणार की काय."

दिग्दर्शक बाईंनी घाईघाईने हात वर केला. "कंस ऐका. कंस ऐका आधी."

दिवा लाल झाला. खिडकी, खुर्ची, पाठमोरा बाप. नगाऱ्याने डोळे मिटले आणि काकूंच्या दाराशी जाऊन बसला. आवाज निघाला तो इतका बारीक, की रेकॉर्डिस्टने काट्याकडे वाकून पाहिले. तो संपला तेव्हा साहेबीण बाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

"काय केलंत हो तुम्ही," त्या नाक पुसत म्हणाल्या. "कोणाचा होता हा आवाज?"

"वडिलांचा," दिग्दर्शक बाई अभिमानाने म्हणाल्या.

"वडिलांचा? पण वडील कुठे रडतात? सबंध मालिकेत वडील रडत नाहीत. तोच तर त्यांचा स्वभाव आहे."

"मग व्हिंपर कोण करतं?" नगाऱ्याने विचारले.

लॅपटॉपवाल्या गृहस्थाने स्वच्छ प्रत लावली. पडदा उजळला. खिडकी तीच, खुर्ची तीच, बाप तसाच पाठमोरा. आणि त्याच्या पायाशी पडलेल्या सतरंजीच्या गुंडाळीने डोके वर केले, रिकाम्या दाराकडे पाहिले आणि ती रडली.

"सतरंजीला शेपूट आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

 भाषांतरकाराने कुत्र्याची ओळ वडिलांच्या नावाखाली टाकली होती. तो तिथे असता तर त्याचे काय झाले असते हे सांगता येत नाही, पण त्याचा फोनही बंद होता.

"वडील आपण दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ," साहेबीण बाई म्हणाल्या. "पण मूळ ध्वनिपट्टीत कुत्र्याचा आवाज संवादांवर चढलाय, परदेशी संवाद काढले की तोही जातो. आम्हाला कुठलातरी तयार आवाज चिकटवावा लागणार होता. कुत्रा तुम्हीच करा. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

"कुत्रा," नगारा म्हणाला.

"कुत्रा," साहेबीण बाई म्हणाल्या.

घरी जाताना तो दोन थांबे आधीच उतरला आणि चालत निघाला, मग चालवेना म्हणून एका बाकावर बसला, मग बसवेना म्हणून पुन्हा चालायला लागला. इतक्या वर्षांनी माणसात यायची संधी आली होती, आणि तो गेला कुठे, तर जंतूवरून कुत्र्यावर. शास्त्राच्या पुस्तकात याला प्रगती म्हणतात, पण तिसरीतल्या मुलीला ती कशी समजावून सांगायची?

मुलगी दारातच उभी होती. "मी वर्गात सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली, "की माझे बाबा एका चांगल्या माणसाचं काम करणार आहेत. झालास ना बाबा?"

नगाऱ्याने चपला काढल्या. त्या सरळ लावल्या. परत उचलून दुसऱ्या बाजूला लावल्या. "नाही," तो म्हणाला.

"मग परत वाईट माणूस?"

"माणूसच नाही."

"जंतू?"

"कुत्रा."

 आत बायको टेबल पुसत होती, तिचा हात थांबला.

"चावतो का?" मुलीने विचारले.

"नाही. कधीच नाही."

"मग करतो काय?"

"त्या घरातला मुलगा लांब निघून जातो. बाकीचे सगळे हळूहळू आपापल्या कामाला लागतात. वडीलसुद्धा. हा तेवढा दाराशी बसून राहतो. वाट बघतो."

"रोज?"

"रोज."

"पाऊस आला तरी?"

"आला तरी."

"आणि येतो का तो मुलगा?"

"येतो. अगदी शेवटच्या भागात. सगळ्यात आधी यालाच कळतं."

मुलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. इतकी सोपी गोष्ट या मोठ्या माणसाला कळू नये याचे तिला नवल वाटत होते. "म्हणजे तोच सगळ्यात चांगला आहे," ती म्हणाली. "बाकी कोण बसतं असं? उद्या वर्गात सांगते. माझे बाबा कुत्रा आहेत."

नगारा हसायला गेला, पण घशात काहीतरी आडवे आले. त्याने ते गिळले, ते गेले नाही. त्याने तोंड घट्ट मिटले, खांदे ताठ केले, खोकून पाहिले. तरी त्या सगळ्याच्या फटीतून एक आवाज बाहेर पडलाच.

मुलीने कान टवकारले. मग तिने शिक्षिकेसारखी मान हलवली. "हा नको, बाबा. कालचा बरोबर होता. हा माणसाचा वाटतो."

आत बायको पुन्हा टेबल पुसायला लागली होती. तिला काही ऐकू आले नव्हते. मास्तरांचे दार उघडले नाही. वरून काकू विचारपूस करायला आल्या नाहीत, इतका तो आवाज लहान होता. त्यांच्या घरात फक्त कुत्रा उठून दाराशी आला, फटीला नाक लावले आणि त्याने हळूच उत्तर दिले.